आत्याच्या डब्यातला राणीछाप

मला एका जागी बसवत नाही. चितेगावच्या कंपनीत हिशेब बघत दिवसभर खुर्चीला चिकटून राहावं लागतं, त्याचा सगळा वचपा घरी निघतो. गॅसवर चहा ठेवते, तो उतू जाईपर्यंत खिडकीशी जाते, अल्बममधलं एखादं नाणं कडेनं धरून उजेडात तिरकं करते, ठेवते, पुन्हा काढते. नवरा म्हणतो, "माझ्याकडं कधी इतकं निरखून पाहिलं नाहीस." मी म्हणते, तुझ्यावर अजून रंग चढायचाय.

रंग म्हणजे जुन्या नाण्यावरचा. इंग्रजांच्या काळातला चांदीचा रुपया वर्षानुवर्षं कुणी न शिवता पडून राहिला की हवेनं, कागदानं, डब्यातल्या ओलीनं त्याच्यावर छटा येतात. आधी मधासारखी, मग जांभळी, कडेला निळी. ब्राँझचा पाव आणा गुळासारखा तपकिरी होतो. एकदा घासलं की हे सगळं गेलं, परत येत नाही. गुलमंडीजवळचा माझा दुकानदार मात्र सगळी नाणी लख्ख करून ठेवतो आणि वर मलाच विचारतो, "मॅडम, चमकता माल छोडके काला कायको होना तुमको?" त्याच्याशी वाद घालून दरवेळी माझंच डोकं उठतं.

असा रंग चढलेला रुपया मला बिडकीनला आत्याकडं दिसला. आत्याची थोडी जमीन कारखान्यांसाठी गेली, तिच्या पैशातून नवं स्लॅबचं घर झालं आणि देवघर तिकडं हलवलं. त्या देवघरात एक लोखंडी डबा होता. त्याच्यात लक्ष्मी आहे म्हणून दिवाळीला डब्यालाच हळद-कुंकू लावायचं, झाकण उघडायचं नाही, असा घरचा रिवाज. हलवताना झाकण निघालं आणि पिवळ्या पडलेल्या कागदातून राणीछाप रुपया माझ्या पायाशी आला. मी उचलला. राणीच्या गालावर जांभळा, मुकुटामागं मोरपंखी निळा. आत्यानं तो माझ्याकडून घेतला, कपाळाला लावला आणि डब्यात टाकला.

तेव्हापासून मला चैन नाही. कुणाच्या देवघरातली लक्ष्मी मागायची कशी? पैसे देऊ केले असते तर आत्यानं दारात उभं केलं नसतं. म्हणून मी नुसती जात राहिले. कंपनी सुटली की गाडी शहराकडं वळवायच्या ऐवजी पैठणच्या दिशेनं, बिडकीनकडं हाणायची, ट्रकांची धूळ खात. निमित्तं काय, कधी डोळ्यांत घालायचे थेंब, कधी तिच्या आवडीची शेव. आत्या भाकरी टाकायची, ठेचा वाढायची आणि म्हशीचं, शेजारणीचं, सुनेचं पुराण लावायची. मी अर्ध्या कानानं ऐकायचे. डोळे देवघराकडं. सुनेला एखाद्या दिवशी साफसफाईची लहर आली तर, या विचारानं घास हातातच राहायचा. तरी त्या म्हशीच्या तिन्ही वेतांची हकीकत आज मला तोंडपाठ आहे.

मग दिवाळीनंतर आत्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं. आदल्या दिवशी मी गेले, तर निघताना तिनं पाटावर बसवलं आणि माझी ओटी भरली. तांदूळ, नारळ, खण. नारळाशेजारी तिनं एक रुपया ठेवला.

तोच होता. आणि पांढराफटक होता.

"सकाळपासून घासत होते," आत्या म्हणाली. "चिंचंनं निघंना, मग रांगोळी घेतली. लई काळा पडला होता बघ. लेकीच्या ओटीत काळं कसं घालावं?"

तिच्या बोटांच्या पेरांत अजून रांगोळी होती. राणीच्या गालावर बारीक ओरखडे होते. मला रडायला आलं, आणि रागही असा आला की पदर झटकून उठावंसं वाटलं. पण ओटीत आलेलं परत करत नाहीत. मी म्हणाले, "छान झालाय."

"तोंड कामून उतरलं मग?"

"कुठं काय. पण आज का दिलंस? मोतीबिंदूनं कुणी मरत नाही, आत्या."

"मरत नसंल. पण उद्या पट्टी बांधून पडल्यावर सून डबा सराफाकडं नेईल, मोडीत घालील. तुझा जीव त्याच्यात अडकलाय, मला काय दिसत नव्हतं व्हय? डोळ्यात मोती असला म्हणून काय झालं."

मी पदराखाली तो रुपया मुठीत घट्ट धरला. इतके दिवस कडेनंच धरायची सवय. आता कसाही धरला तरी चालणार होता.

"ठाऊक होतं, तर आधीच द्यायचा होतास," मी चिडून बोलले. तेव्हा दिला असता तर तो निळा-जांभळा माझ्या हातात आला असता, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

आत्यानं ताटातले सांडलेले तांदूळ बोटानं गोळा केले. "दिला असता गं. पण मग तू आली असतीस व्हय?"

बाहेर सून म्हशीला पाणी दाखवत होती. मी ओटी सावरली, चप्पल घातली, किल्ली शोधली, ती हातातच होती.

"रविवारी येते," मी म्हणाले.

"आता कशाला?" आत्यानं विचारलं. टोमणा नव्हता तो. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं.