पिशवीतलं पीठ

१९७३ च्या मे महिन्यात, एका गुरुवारी सकाळी अकराच्या सुमारास, माझ्या थोरल्या चुलत्यांनी खानापूरच्या माळावरच्या एका घरात मुलगी पाहिली आणि तिला भाकरी करायला सांगितली. पीठ त्यांनी घरून नेलं होतं. ते शाळूचं आहे असं त्यांनी सगळ्यांना सांगितलं. ते शाळूचं नव्हतं. तिथं बसलेल्यांपैकी हे दोघांनाच ठाऊक होतं, अशी माझी तेव्हाची माहिती होती. एक मी, दुसरा माझा थोरला भाऊ. मुलगी त्याच्यासाठी पाहायची होती.

भाऊ फौजेत नायक होता. त्याच्या सुटीचे एकोणीस दिवस उरले होते. मुलीचा भाऊ त्याच्याच पलटणीत होता. मागच्या सुटीत त्याचं एक गाठोडं पोचवायला भाऊ त्यांच्या घरी गेला, तेव्हा मुलीनं पाण्याचा तांब्या दिला आणि यानं तो रिकामा करून परत दिला. एवढ्यावरून त्यानं वर्षभर मला पत्रं लिहिली. या सुटीत जमलं तर जमलं, नाहीतर तिचं लग्न दुसरीकडे होणार हे नक्की होतं. तिच्या वडिलांनी तसा निरोपच धाडला होता.

घराचा कारभार चुलत्यांकडे होता. आमचं गाव कृष्णाकाठचं, सांगलीहून एसटीनं तासाभराचं. वरच्या रानात ऊस, नदीकडच्या काळ्या रानात शाळू, म्हणजे रब्बीची पांढरी ज्वारी. चुलत्यांच्या आवडीनिवडी गावाला पाठ होत्या. चहा स्वतःच्या गुऱ्हाळातल्या गुळाचा आणि म्हशीच्या दुधाचाच. साखरेचा चहा पाहुण्यांच्या घरी पुढं आला तर ते कप कपाळाला लावून खाली ठेवत. पाटणकडची माणसं भात खातात म्हणून त्यांना दिवसातून चारदा भूक लागते, असं त्यांचं मत होतं. चपाती आजाऱ्यानं खावी. बाजरी थंडीत बैलाला घालावी. माणसानं शाळूची भाकरी खावी, तीही कृष्णाकाठच्या शाळूची. धोतर सुती, फेटा सुती. भावाचा टेरिलीनचा शर्ट त्यांनी एकदाच हातात घेतला, उजेडाला धरला आणि यातनं घाम जातो कुठं, असं विचारून परत दिला.

आम्ही दोघे भाऊही काही कमी नव्हतो. तो सुटीवर आला की फौजी मगाशिवाय चहा पीत नसे आणि बुक्कीनं फोडलेल्या कांद्याला तोंड लावत नसे, कारण मेसमध्ये कांदा चिरून येतो. मी सांगलीत एका दैनिकात कामाला लागलो होतो आणि विश्रामबागेत खोली घेऊन राहत होतो. हॉटेलात ‘स्पेशल’ चहा मागवायला आणि बशीतून फुरके मारणाऱ्यांकडे दयेनं पाहायला मी शिकलो होतो. गावी आलो की मी बशीतूनच पीत असे.

चुलत्यांची मुलगी पाहण्याची रीत वेगळी होती. ते मुलीला नाव, शिक्षण, शिवणकाम काही विचारत नसत. घरचं शाळूचं पीठ पिशवीत घालून न्यायचे आणि समोर भाकरी थापायला लावायचे. दोन चुलतभावांच्या बायका या परीक्षेतून पार पडून घरात आल्या होत्या. तिसऱ्या ठिकाणी भाकरीची कड फाटली आणि सोयरीक मोडली. त्या मुलीला पुढं चांगलं स्थळ मिळालं, पण आमच्या पंचक्रोशीत ती गोष्ट तिच्या नावाला चिकटून राहिली.

आता पिठाची हकिगत. आदल्या वर्षी पाऊस झाला नव्हता. नदीकडच्या रानातही शाळू हातभर वाढून वाळला. जुनं धान्य शिवरात्रीच्या सुमाराला सरत आलं. रेशनच्या दुकानात परदेशातून आलेली लाल ज्वारी मिळे, तिला सगळे मिलो म्हणत. मिलो उंबऱ्याच्या आत येणार नाही, असं चुलत्यांनी पारावर चारचौघांत सांगून ठेवलं होतं. ती आली ती मागच्या दारानं. पोती मीच आणली. चुलती ती ज्वारी ओली करून उखळात सडायची, लाल साल पाखडून टाकायची आणि राहिलेला शाळू त्यात मिसळून दळायची. आधी निम्मा शाळू असे, मग पाव, मे महिन्यात नावाला. चुलते रोज जेवत आणि शेजारच्या वाडीत लोक लाल भाकरी कशी गिळतात याबद्दल हळहळत.

मिलोच्या पिठाला चिकटपणा नसतो. गार पाण्यात मळलं तर थापताना कडा फाटतात आणि तव्यावर टाकताना भाकरीचे दोन तुकडे होतात. उकळतं पाणी घालून, हात भाजून घेत मळावं लागतं. हे चुलतीला महिनाभर चुका करून कळलं होतं.

मुलगी पाहायला जायचं ठरल्यावर चुलतीनं शेवटचा निव्वळ शाळू आदल्या दिवशी वेगळा दळला आणि पितळी डब्यात झाकून ठेवला. पण पहाटे चुलते तिच्याआधी उठले आणि त्यांनी आपल्या हातानं पिशवी भरली, ती रोजच्या पत्र्याच्या डब्यातून. त्यांच्या लेखी घरातलं सगळं पीठ शाळूचंच होतं. आम्ही निघालो तेव्हा चुलती जोत्यापर्यंत आली आणि माझ्या कानाशी म्हणाली, “डब्यातलं न्हेलंय त्येनी. रोजचं.” तोवर चुलते रस्त्याला लागले होते.

कडेगावात गाडी बदलायची होती. स्टँडवरच्या कँटीनमध्ये चुलत्यांनी चहाला नकार दिला आणि पिशवी मांडीवर घेऊन बाकावर बसले. भावाला मी तिथं सांगितलं. त्यानं फौजी मग नसल्याची तक्रार न करता दोन कप चहा संपवला. मग तो म्हणाला, “पिशवी टपावर टाकू. पडली तर पडली.” मी जाऊन चुलत्यांना म्हणालो की ओझं आमच्याकडं द्या, वर ठेवतो. ते म्हणाले की पिठाला ऊन लागतं. पिशवी मांडीवरच राहिली. पुढच्या गाडीत दोन्ही बाजूंना आम्ही आणि मध्ये ते. भावाच्या टेरिलीनच्या शर्टाची पाठ पूर्ण भिजली होती. घाम कुठं जातो ते तेव्हा दिसलं. कुठंच जात नव्हता.

मुलीचं घर माळावर, दगडी, बुटक्या भिंतींचं. दारात दोन शेळ्या. वडील उंच आणि सावळे. त्यांनीही आपली माणसं जमवून ठेवली होती आणि त्यांच्याही आवडीनिवडी पक्क्या होत्या. चुलते टेकले न टेकले तोच त्यांनी सांगितलं की ऊसवाली माणसं गोड खाऊन ढिली पडतात आणि शाळूची भाकरी म्हणजे कागद, खाल्ला काय अन् लिहिला काय. बाजरी खाणारा माणूस मरेपर्यंत ताठ चालतो. चुलते म्हणाले की ताठ चालतो हे खरं, वाकायला अंगात काही असावं लागतं. दोन्हीकडची माणसं हसली. एवढं होईपर्यंत चहा आला, साखरेचा. चुलत्यांनी कप कपाळाला लावला आणि खाली ठेवला.

मग त्यांनी पिशवी पुढं केली.

उन्हाळ्यामुळं चूल बाहेर पडवीत मांडली होती, आम्ही बसलो होतो त्या सोप्यातून सगळं दिसत होतं. मुलगी आली. विश्रामबागेत मामाकडं राहून ती मॅट्रिक झाली होती, पण नेसली होती साधं इरकली लुगडं. मी पाणी प्यायच्या निमित्तानं पडवीकडं निघालो. तिच्या चुलत्यानं वाटेतच तांब्या माझ्या हातात दिला आणि मला परत बसवलं. भाऊ जमिनीकडं पाहत होता.

तिनं पिशवी सोडून पीठ काटवटीत ओतलं. चिमूटभर उचलून अंगठा आणि बोटामध्ये चोळलं. थांबली. पुन्हा चोळलं. त्या घरात पाच महिने मिलोच शिजत होती. घरातली निम्मी माणसं दुष्काळी कामावर खडी फोडायला जात आणि तिथून तीच ज्वारी येई. तिला ते पीठ कळलं, यात मला शंका उरली नाही. आता तिनं तसं सांगितलं तर पाहुण्याचा भर सोप्यात अपमान, आणि न सांगता गार पाण्यात मळलं तर भाकरी फाटणार. तिनं मान वर केली नाही. चुलीवर पातेलं चढवलं आणि त्यात पाणी ओतलं.

चुलत्यांनी ते पाहिलं. “शाळूला आधण?”

“आमच्या हिरीचं पानी जड हाय, मामा,” ती म्हणाली. “गार घातलं तर चांगला शाळूबी फुटतोय.”

तिच्या आईनं तिच्याकडं पाहिलं आणि चुलीत लाकूड सारलं.

पाणी उकळेपर्यंत सगळे पातेल्याकडं बघत राहिले. माझ्या मनगटावर घड्याळ होतं. सात मिनिटं लागली. तिनं पिठात आळं करून पाणी ओतलं, आधी उलथन्यानं कालवलं, मग हात घातला. बोटं लाल झालेली सोप्यातून दिसत होती. गोळा गुळगुळीत झाला. थापायला लागली तशी भाकरी काटवटीत गोल फिरत मोठी होत गेली. कड दोनदा चिरली, दोन्ही वेळा तिनं ओल्या अंगठ्यानं सांधली. मग भाकरी दोन्ही हातांवर घेतली. भाऊ नकळत उभा राहिला. भाकरी तव्यावर अख्खी पडली. वरून पाणी फिरवलं, उलटली, तवा उतरवून ती निखाऱ्याला लावली. एका कडेनं ती फुगायला लागली आणि बघता बघता सगळी टम्म झाली. शेळ्या हाकायला गेलेला तिचा चुलता दाराशीच थांबून बघत होता.

चुलत्यांपुढं ताट आलं. मिरचीचा ठेचा, हुलग्याचं पिठलं, भाकरी. त्यांनी पापुद्रा काढला, तुकडा मोडला आणि बराच वेळ चावला. मग विचारलं, “कुणी शिकवलं?”

“ह्या सालानं,” ती म्हणाली.

चुलत्यांनी ती भाकरी संपवली आणि दुसरी मागितली. परक्या घरी ते दुसरी भाकरी घेत नसत. दुसरी खाऊन हात धुतले, फेटा सारखा केला आणि मुलीच्या वडिलांना म्हणाले, “सुपारी आणा.”

सुपारी फुटली. भावानं बाहेर जाऊन विहिरीवर तोंड धुतलं आणि बराच वेळ परत आला नाही. निघताना चुलत्यांनी मघाचा थंड झालेला साखरेचा चहा उचलला आणि एका घोटात संपवला. परतीच्या गाडीत ते सांगत होते की कृष्णाकाठचा शाळू कुठल्याही पाण्यात न्या, तो आपलं पाणी दाखवणारच. कंडक्टरलाही सांगितलं. आम्ही दोघे खिडकीबाहेर बघत होतो. एकमेकांकडं पाहिलं असतं तर हसू आवरलं नसतं.

लग्न अकराव्या दिवशी मुलीच्या दारात झालं. जेवणाला गव्हाची खीर होती आणि पंगतीत बाजरीची भाकरीही वाढली. चुलत्यांनी ती बाजूला सारली नाही. खाल्ली की नाही, हे मी पाहू शकलो नाही, वाढायला होतो. भाऊ पलटणीत परत गेला. वहिनी आमच्या घरी आल्या आणि पहिल्याच आठवड्यात चुलतीनं त्यांना पत्र्याच्या डब्याची आणि पितळी डब्याची सगळी हकिगत सांगितली. दोघी स्वयंपाकघरात तोंडाला पदर लावून हसल्या, असं माझ्या आईनं मला सांगितलं. त्यानंतर आधण ठेवायचं काम वहिनींकडं आलं. पारावर मात्र चुलते तीच गोष्ट सांगत राहिले. आपल्या शाळूची. पावसाळाभर सांगितली.

पाऊस त्या वर्षी चांगला झाला. १९७४ च्या माघात नदीकडच्या रानातला शाळू काढला. मी रविवारी गावी गेलो होतो. नवं पीठ दळून आलं होतं, पांढरंशुभ्र. चुलते कधी नव्हे ते स्वयंपाकघरात पाट घेऊन चुलीशेजारी बसले होते. वहिनींनी सवयीनं पातेलं चढवलं आणि पाणी ओतलं.

चुलते म्हणाले, “पोरी, आता पानी तापवू नगं. ह्यो शाळू हाय.”

चुलती पीठ चाळत होती, तिनं चाळणी खाली ठेवली. तिनं विचारलं, “आवं, तुमास्नी कवापास्नं ठावं हाय?”

“शिवरात्रीपास्नं.”

“आन् त्या दिशी पत्र्याच्या डब्यातलं पीठ न्हेलंसा, ते?”

“शाळूची भाकरी कुनालाबी येती,” चुलते म्हणाले, आणि ताट पुढं ओढलं.

वहिनींनी पातेलं चुलीवरून उतरवलं. माठातलं पाणी घेतलं आणि त्या सकाळी गार पाण्यात अकरा भाकऱ्या थापल्या.