टॉवर संपला तिथे थांबलेली रेघ

कॅलेंडरच्या ॲपमध्ये ‘आत्ता’ दाखवणारी एक लाल रेघ असते. दिवसभर ती वरून खाली सरकत जाते. आमच्या ॲपमधली रेघ मी काढली, सावली या आमच्या गावी, घराच्या मागच्या खोलीत धानाच्या पोत्यांना टेकून. कंपनी पुण्याची, मी इथली. ॲप गावोगाव फिरणाऱ्या नर्सबायांसाठी होतं. कुणाच्या घरी कधी जायचं ते त्यात दिसायचं, आणि भेट झाली की तिथे खूण करायची. माझी थोरली बहीण अशीच नर्स, गडचिरोलीच्या पलीकडे. म्हणून त्या रेघेवर माझा जरा जास्तच जीव होता.

पहिल्याच आठवड्यात ताईचा फोन आला. भडकली होती.

“बाळंतिणीच्या घरी जाऊन आली, लेकराचं वजन केलं, अन् तुहं ॲप म्हणते अजून वेळच झाली नाई. मी काय खोटं बोलून राह्यली?”

रेघेला वेळ कंपनीकडून, नेटवर्कवरून यायची. टॉवर गेला की रेघ जागच्या जागी थांबायची. तिच्या खालचं सगळं ॲपच्या लेखी अजून घडायचं होतं, म्हणून ते खूणच करू देत नव्हतं. संध्याकाळी टॉवर आला की रेघ एकदम खाली यायची आणि ताईच्या सगळ्या भेटी ‘हुकल्या’ म्हणून वरिष्ठांकडे जायच्या. दिवसभर पायपीट करून बाई कामचुकार ठरत होती.

ऑनलाइन मीटिंगमध्ये मी म्हणाले, रेघ फोनच्याच घड्याळावर चालू द्या.

“मग तिकडचे लोक घड्याळ मागेपुढे करतील,” पुण्याचे आमचे साहेब म्हणाले. “तुमच्या नर्स रोज ठरावीक ठिकाणी फोन फ्लाइट मोडवर टाकतात, बघितलंस? काहीतरी लपवायचं असल्याशिवाय कोण असं करेल?”

माझं डोकंच फिरलं. आमच्याकडे शेवटचा टॉवर मागे पडला की अख्खी बस खिशातून फोन काढते आणि फ्लाइट मोड लावते, कंडक्टरसुद्धा. नाहीतर टॉवर शोधता शोधता दुपारीच बॅटरी संपते, आणि गावात पोचल्यावर लाइट असेलच असं नाही. इथे हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे.

“उद्या तुम्ही सगळे फोन फ्लाइट मोडवर टाका,” मी म्हणाले. “वायफायही बंद. दिवसाची कामं याच ॲपमध्ये मांडा. मग बोलू.”

सगळे हसले, पण तयार झाले. दुसऱ्या दिवशी दुपारी साहेबांनी कॉम्प्युटरवरून ग्रुपमध्ये लिहिलं, ‘मी जेवून आलो, तरी हे म्हणतंय जेवायची वेळ झाली नाही!’

मी लिहिलं, ‘तुम्ही काय लपवून राह्यले, साहेब?’

मग साहेबांचाच फोन आला. रेघ फोनच्या घड्याळावर घेऊ म्हणाले, पण खोट्या नोंदी सापडल्या तर जबाबदारी माझी, नोकरीसकट. सावलीसारख्या गावात बसून अशी नोकरी दुसरी कोण देणार होतं? तरी मी म्हणाले, “माझी. लिहून घ्या.”

नवी रेघ आली त्या दिवशी मी मुद्दाम ताईबरोबर गेले. टॉवर संपतो त्या वळणावर बसमधले सगळे फोन नेहमीसारखे फ्लाइट मोडवर गेले. उतरून आम्ही चालत गावात पोचलो. ताईनं लेकराला तपासलं, ओसरीवर बसून फोन उघडला आणि खूण केली. ॲपनं मुकाट्यानं घेतली. रेघ त्याच भेटीवर होती.

ताई रेघेकडे बघत राहिली.

“आता समजलं वाटते याले,” ती म्हणाली. “इतके दिवस याले वाटे, मी बसमधीच बसून आहो.”