समासातली पेन्सिल

आयुष्यभर परीक्षेच्या हॉलमध्ये कॉप्या पकडल्या की माणसाच्या नजरेला खोड लागते. निवृत्तीनंतर आमच्या वाचनालयातल्या सोलापूरच्या इतिहासाच्या कपाटाची किल्ली माझ्याकडे आली, आणि ती खोडही सोबत आली. खांद्याला झोळी लावून कुणी कपाटाजवळ उभं राहिलं की माझं वाचन बंद.

त्यामुळे जुनी पुस्तकं दुरुस्त करायला कमिटीनं एक माणूस बोलावला तेव्हा मला पहिला प्रश्न पडला, की यात याचा काय फायदा? माणूस मोहोळकडचा, चाळिशीचा, पुण्यात हे काम शिकून आलेला. बोलायला गोड. गोड बोलणाऱ्यांचं मला पहिल्यापासून वावडं आहे.

माझा जीव अडकला होता तो एका पुस्तकात. इथल्या गिरण्यांचा इतिहास, मालकांच्या पंगतीत बसणाऱ्या कुणीतरी लिहिलेला. पुस्तक तसं भिकार, पानोपानी साहेबांचं कौतुक. पण समासात कुणीतरी पेन्सिलीनं त्याला उत्तरं दिली होती. संपात कोणी उपाशी राहिलं नाही, असं छापलंय तिथं बारीक अक्षरात, 'आमच्या घरी या म्हणावं.' अपघाताच्या पानावर, 'भोंगा वाजलाच नाही. मी त्याच खात्यात कामाला होतो.' एक शेरा तेलुगूत होता. शेजारच्या तेलुगू विणकर घरातल्या वहिनींना दाखवला, तर त्यांनी तो मनातल्या मनात वाचला आणि 'कुणाचं तरी पोर गेलंय त्यात,' एवढंच सांगितलं. हा पेन्सिलवाला कोण, कुणालाच ठाऊक नाही. त्या अख्ख्या कपाटात कामगारांच्या बाजूनं बोलणारा तेवढा एकच. त्याचं लिहिलेलं उतरवून घेऊ म्हटलं, तर कमिटी म्हणाली, दुरुस्तीनंतर स्कॅन होणारच आहे, सगळं येईल त्यात.

त्या माणसानं मागच्या खोलीत काम मांडलं. मऊ ब्रश, पातळ जपानी कागद, शेगडीवर शिजवलेली खळ. मी दारासमोरच खुर्ची टाकली. तो हात धुवायला गेला की त्याची पिशवी चाचपायची. लाज वाटायची, तरी चाचपायची. कडक भाकरी, शेंगाचटणी, दुसरं काही नाही. पिशवीत काही सापडत नाही म्हणून संशय आणखी वाढला.

एकदा तो म्हणालासुद्धा, "बाई, आत येऊन बसा की. हितं उजेड बी चांगला हाय."

"बरी आहे मी इथंच," मी म्हटलं.

मग मी तापानं घरी पडून राहिले, आणि नेमकं तेव्हाच त्यानं ते पुस्तक कामाला घेतलं. परत आले तर टेबलावर तयार. नवा कापडी पुठ्ठा, फाटकी पानं सांधलेली. उघडलं, तर समास कोरा. पान उलटलं, कोरा. माझं डोकंच फिरलं. यानं पुस्तक बदललं होतं. आमची प्रत गेली कुणा शौकिनाच्या घरी, आणि ही दुसरी आमच्या गळ्यात मारली.

"आमची प्रत कुठंय?" मी विचारलं.

"ही काय, हीच की."

"मला शिकवू नका. आमच्या प्रतीत पेन्सिलीनं लिहिलेलं होतं."

त्याचा चेहरा उजळला. आपल्या कष्टाची कुणीतरी दखल घेतली, असं त्याला वाटलं असावं.

"व्हय की बाई. कुणीतरी लई घाण करून ठेवली हुती. पान न् पान रबरानं खोडलं, कागदाला जरा बी धक्का लागू दिला न्हाय. मग स्कॅन केलं. एकदम स्वच्छ आलंय बघा."

मी शिक्का बघितला. आमचाच. आतल्या पानावरचा शाईचा डागही आमचाच. खिडकीशी नेऊन पान तिरपं धरलं, की निदान पेन्सिलीचे वळ तरी दिसतील. तेही नाहीत. कागद ओलसर करून, दाबून त्यानं सपाट केला होता. कामात खोट काढायला त्यानं जागाच ठेवली नव्हती.

तो समोर उभा होता, शाबासकीची वाट बघत. मला राग आला, रडूही आलं. इतके दिवस मी त्याला चोर ठरवून बसले होते, आणि आता वाटत होतं, हा खरंच चोर असता तर किती बरं झालं असतं. पुस्तक आमच्याकडे नसतं, पण कुठल्यातरी घरात तो पेन्सिलवाला अजून बोलत असता.