लाल रेषेच्या अलीकडे

कोणतंही यंत्र दिसलं की ते आधी त्याला उलट्या हाताने शिवून बघत. तापलेल्या पोराच्या कपाळाला आपण लावतो ना, तसा हात. फ्रिज, मिक्सर, पाण्याची मोटर, शेजाऱ्याची स्कूटर, कोणी सुटत नसे. मग म्हणत, "थोडा दम घेऊ दे त्याला."

इंदूरच्या सुदामा नगरात माझी पिठाची चक्की आहे. वरच्या मजल्यावर हे नवरा-बायको भाड्याने राहत. ते सरकारी कचेरीतून निवृत्त झालेले. मी वयाने मोठी, म्हणून मला मावशी म्हणत. दळण आणलं की डबा खाली ठेवायच्या आधी माझ्या मोटरला हात लावत.

"मावशी, गरम लागतेय."

"चालते म्हणून लागते. थंड पडली तर पोळ्या कशाच्या खाल?"

माणूस घाबरट होता आणि तसं मी त्यांना तोंडावर सांगितलं होतं. सकाळी स्कूटर सुरू करून गेटपाशी उभे राहत, तिचा आवाज मनासारखा होईपर्यंत वर बसत नसत. तोवर बायको पायी जाऊन भाजी घेऊन परत येई. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. आपण हसतो, आणि आपला पंखा कुरकुरला की त्यांनाच हाक मारतो.

तर हा माणूस लढाऊ विमान उडवत असे. खरं नव्हे, कॉम्प्युटरवरचं. जुन्या लढाईतली, पुढे पंखा असलेली विमानं. मुलगी जबलपूरला असते, तिने सगळं सामान पाठवलं होतं. एका हातात दांडा, दुसऱ्या हाताखाली दोन खटके, एक इंजिनच्या जोराचा, एक पंख्याचा. दर रविवारी सकाळी गावोगावची मंडळी आपापल्या घरून एकत्र उडत आणि बोलत. चेहरे कुणी कुणाचे पाहिले नव्हते, आवाजावर ओळख. चक्की रविवारी बंद, म्हणून मी वर चहाला जाई आणि ऐकत बसे.

बाकीचे शत्रू पाडत. हे इंजिन सांभाळत.

मी चौथीपर्यंत शिकलेली, पण ते मला समजलं, कारण त्यांनी चक्कीवरून समजावलं. "मावशी, मोटरने वेग धरायच्या आधी तुम्ही दाणे सोडता का?"

"सोडले तर पट्टा घसरेल."

"बस. विमानाच्या पंख्याची पाती तिरकी करता येतात. जास्त तिरकी केली की हवा जास्त कापतात, इंजिनला ओझं. कमी केली की इंजिन हलकं, भराभर फिरतं. जोर वाढवायचा तर आधी पंखा हलका करायचा, मग जोर द्यायचा. कमी करताना आधी जोर काढायचा, मग पंखा जड करायचा. उलटं केलं की इंजिन आतून मोडतं."

"आणि इंजिनभोवतीच्या या खिडक्या कसल्या?"

"इंजिन गार ठेवणाऱ्या. उघड्या असल्या की गार राहतं, पण विमान जरा मागे पडतं."

त्यांच्या कायम उघड्या. तापमानाचा काटा लाल रेषेच्या पुष्कळ अलीकडे. सगळ्यांच्या मागून यांचं विमान डुलत चाललेलं. त्या मंडळींचा म्होरक्या इंदूरचाच, सांवेर रोडला कारखान्यात नोकरीला. तो म्हणे, "काकाजी, आप प्लेन को बारात में ले जा रिये हो क्या?"

"भिया, इंजन भी तो देखना पड़ता है."

"इंजन म्यूझियम में देना है क्या?"

सगळे हसत. हेही हसत. विमान मात्र दर रविवारी धड परत आणत.

पण तिथे दोघादोघांची जोडी असते. एकाने दुसऱ्याची पाठ राखायची. यांचा जोडीदार बहुतेक वेळा मरे, कारण त्याच्या पाठीशी शत्रू लागला की हे काटा बघत बघत पोचत. एका रविवारी पुन्हा तसंच झालं. म्होरक्या या वेळी हसला नाही. "काकाजी, बुरा मत मानना. अगले संडे भी जोड़ीदार गया, तो फिर आप नीचे बैठ के नक्शा देख लेना."

त्या दिवशी ते जेवले नाहीत. बायको म्हणाली, "अहो, खेळ आहे तो."

"रविवारी नाव घेऊन कुणी बोलावतं मला. दुसरीकडे कोण बोलावतं?"

बायकोने ताट झाकून ठेवलं. मी गप्प बसणारी नाही. "मग त्या खिडक्या लावा की."

"तापेल, मावशी."

"तापू द्या."

मी चक्कीत खडे घाला म्हटल्यासारखं त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

पुढच्या रविवारी त्यांना जोडीदार मिळाली उज्जैनची एक कॉलेजातली मुलगी. नवीनच होती, म्हणून तिला यांची कीर्ती माहीत नव्हती. त्यांना अंकलजी म्हणे. बायकोने मक्याच्या भुट्ट्याचा कीस केला होता. मी बशी घेऊन त्यांच्या मागेच बसले.

बराच वेळ काही झालं नाही. मग ती पोरगी म्हणाली, "अंकलजी, मेरे पीछे कोई है." आवाज लहान झाला होता तिचा.

हे मागे, खूप मागे. काट्याकडे पाहिलं, पडद्याकडे पाहिलं. मग एकेक करून खिडक्या लावल्या. आधी पंख्याचा खटका पुढे, मग जोराचा, अगदी टोकापर्यंत. एवढ्या घाईतही क्रम चुकला नाही. इंजिनचा आवाज असा चढला की मी बशी खाली ठेवली. दाणे संपलेली चक्की कोरडी फिरते तेव्हा असा आवाज येतो, आणि तेव्हा हात आपोआप बटणाकडे जातो. यांचा हात गेला नाही. काटा लाल रेषेला टेकला आणि पलीकडे गेला.

"बेटा, बाएँ मुड़. मुड़ती रह. आया मैं."

पोचले. गोळ्या झाडल्या, एकही लागली नसावी, पण शत्रू बिचकून बाजूला पळाला. तेवढ्यात यांच्या काचेवर काळं तेल उडालं, खडखड झाली आणि पंखा थांबला. घरात एकदम शांत.

"अहो, काय झालं?" बायको.

"इंजिन गेलं," ते म्हणाले. पंख्याची पाती जड बाजूला ओढून ठेवली, थांबलेल्या पंख्याला मग हवा कमी अडते, आणि विमान घरंगळत खाली आणू लागले.

"मैं ऊपर ही हूँ, अंकलजी. आराम से उतरो."

एका शेतात पोटावर घासत उतरले. उतरल्यावर सगळी बटणं क्रमाने बंद केली. जळलेल्या इंजिनची कसली बटणं, पण केली.

मग म्होरक्या बोलला. "काकाजी, इंजन का क्या हाल?"

"गया, भिया."

"जाने दो. अगले संडे दूसरा लेना. जोड़ी यही रहेगी."

मी विचारलं, "दुसरं लगेच मिळतं?"

"बटण दाबलं की."

"मग इतकी वर्षं कसली कंजुसी?"

ते कपाळ पुसत होते. "फुकट मिळतं म्हणून जाळायचं का, मावशी?" म्हणाले आणि गार झालेला कीस खायला बसले. दोनदा वाढून घेतला.

गेल्या वर्षी ते दोघं मुलीकडे जबलपूरला राहायला गेले. रविवारी तिथून उडतात म्हणे. वर आता कोचिंग क्लासची पोरं राहतात, मोटरला कोणी हात लावत नाही.

परवा चक्कीवर एक मुलगी आली. उज्जैनहून परीक्षेसाठी इंदूरला आली होती. "अंकलजी ने कहा था, चक्कीवाली मावशी से मिल के आना. पूछ रहे थे, मोटर अब भी गरम होती है क्या."

"होती है," मी म्हटलं. "बैठो."

ती पिठाच्या पोत्यावर बसली, वर जाणाऱ्या जिन्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "मैंने उन्हें कभी देखा नहीं. दिखते कैसे हैं?"

मी आठवून पाहिलं. बारीक माणूस, टक्कल, इस्त्रीचा शर्ट. काय सांगायचं त्यात?

"डरपोक दिखते हैं," मी म्हटलं.

ती हसली. "तो फिर वो कोई और होंगे, दादी."