रोज्यातलं अपील

तर काल आपण ऐन फायनलमध्ये थांबलो होतो. बॉल बॅटीजवळून सर्रकन गेला, बॉलर ओरडला, स्लिपवाले ओरडले, मांडवातली माणसं उठून उभी राहिली, आणि ज्यानं बॉल झेलला तो खाजा मात्र स्टंपामागं तोंड मिटून उभा. अंपायर संतराम मास्तरांनी एकदा खाजाकडं पाहिलं आणि मान हलवली. नॉट आउट.

कप्तान शंकरसिंग पळतच आला. "खाजा, पाणी पिऊ नको, जेवू नको, मी कधी काही म्हणलो का? पण वरडायला काय घोटभर पाणी लागतं का रे?"

"दादा, बॉल लागला न्हाई."

"लागला न्हाई ते मला बी दिसलं! लागला असता तर वरडायची गरजच काय व्हती?"

आता हा खाजा म्हणजे आपल्या साखऱ्याचा. बाप पिंजारी. हिंगोलीतल्या एका जिनिंगच्या शेठकडं गाद्या भरायला बापलेक गेले होते. शेठला क्रिकेटचं भलतं वेड. अंगणात खेळ चाललेला, तिथून आलेला बॉल खाजानं कापसाचा पेळू उचलावा तसा एका हातात अलगद घेतला. शेठनं त्याला पिंजण खाली ठेवायला लावलं, आणि तेव्हापासून खाजा पगारी किपर झाला. हजेरी जिनिंगच्या कामगाराची, काम खेळायचं. मात्र हंगामापुरतं. हंगाम सरला की पुन्हा साखरा, पुन्हा खांद्यावर पिंजण.

हातापेक्षाही त्याचा गळा नामी. खाजानं अपील केलं की नरसीच्या रस्त्यावरचे बैल बिचकतात, असं लोक म्हणायचे. लागो न लागो, खाजा उडी मारून असा ओरडायचा की नव्या अंपायरचं बोट आपोआप वर जायचं. निम्म्या विकेटी त्यानं हातानं घेतल्या, निम्म्या गळ्यानं.

सत्तर सालचा रमजान थंडीच्या तोंडावर आला. त्याच महिन्यात कपाचे सामने. शेठनं सगळ्यांसमोर शब्द दिलेला, "औंदा कप आणा, खाजाला बारमाही ठेवून घेतो." हे ऐकून साखऱ्यात चाँदबीनं, म्हणजे त्याच्या बायकोनं, भांडी पेटीत भरायला घेतली. लेकराला हिंगोलीच्या शाळेत घालायचं, नवरा रोज संध्याकाळी घरी दिसंल, एवढंच तिचं म्हणणं.

रोजा धरून खेळण्याचं खाजाला काही वाटत नव्हतं. पहाटेची भाकरी, दुपारी झाडाखाली नमाज, बाकीचे जेवायचे तेव्हा हा ग्लोव्हजला तेल लावत बसायचा. पण पहिल्या जुम्म्याला मौलवीसाहेब म्हणाले की रोजा पोटाचा असतो तसा जिभेचाही असतो. आणि खाजा चटईवर बसल्या बसल्या चरकला. आपली जीभ दिवसभर काय करते? जे लागलं नाही ते लागलं म्हणून बोंबलते. पगारच त्याचा घेते.

दुसऱ्या दिवसापासून खाजा खात्री असेल तेव्हाच ओरडू लागला.

हे सगळ्यात आधी ओळखलं संतराम मास्तरांनी. शाळेत त्यांचा दरारा, मैदानावर त्याहून जास्त. दोनच सामन्यांत त्यांनी ताडलं, की खाजा ओरडला म्हणजे लागलाय आणि गप राहिला म्हणजे नाही. मग ते बॉलरकडं बघेचनात.

"आमी इथं नरडं फोडून राहिलो," बॉलर खेमा कुरकुरायचा, "अन् मास्तर त्याच्या तोंडाकडं बघून राहिलेत! यापरीस मास्तरांना घरी बसवा, खाजालाच पांढरा कोट घाला."

बरं, यात नुकसानच होतं असंही नाही. खाजानं मागितलं की फलंदाजसुद्धा हुज्जत घालत नसे. असं करत करत जिनिंगवाले फायनलला आले.

फायनल रामलीला मैदानावर, परभणीच्या संघाशी. दसऱ्याच्या जत्रेचे खांब उपटून नेले होते आणि त्यांचे खड्डे कोणी धड बुजवले नव्हते. ऊन उतरलेलं. परभणीची शेवटची जोडी. जिंकायला दोन धावा, आणि समोर रूपसिंग, चिवट गडी.

ते पहिलं अपील खाजानं केलं नाही, तिथं आपण होतो. पुढचा बॉल खेमानं हळू टाकला. रूपसिंग पुढं वाकला, बॉल वळला, आणि खाजाच्या कानात स्पष्ट आलं: टक्! बॉल ग्लोव्हजमध्ये. खाजा महिनाभराचं साठवलेलं सगळं काढून ओरडला. एकटाच. खेमासुद्धा पाठ फिरवून चालला होता.

मास्तरांचं बोट त्याच क्षणी वर.

रूपसिंगनं बॅटीच्या कडेकडं पाहिलं, खाजाकडं पाहिलं. "मला तर काही लागल्यावानी वाटलं न्हाई," तो पुटपुटला, "पण तू म्हणतोस म्हणजे लागला असंल." आणि बॅट काखोटीला मारून चालू लागला.

मैदानात माणसं घुसली. शंकरसिंगला पोरांनी खांद्यावर घेतलं. खाजा स्टंप उचलायला वाकला आणि पायाशी पुन्हा तेच: टक्! पॅडचा पट्टा सुटला होता. लोंबणारं बक्कल दुसऱ्या बक्कलावर आपटत होतं. त्यानं पाय हलवून पाहिला. टक्. हाच तो आवाज.

खाजाच्या डोळ्यांसमोर चाँदबीची पेटी आली. हे कोणालाच कळलं नसतं. रूपसिंगलाही नाही, तो तर स्वतःच्या बॅटीपेक्षा खाजाच्या शब्दाला धरून निघाला होता. तेच खाजाला सोसेना. तो गर्दीत शिरला.

"दादा, खाली उतरा."

"आज न्हाई उतरत!"

"अपील माघारी घ्या दादा. ते कप्तानालाच घेता येतं. आवाज माझ्या बक्कलाचा व्हता."

शंकरसिंग खांद्यावरून घसरलाच. त्यानं मांडवातल्या शेठकडं पाहिलं, मग खाजाच्या सुकलेल्या ओठांकडं. "तुझं बारमाही काम जाईन, माहीत हाय ना?"

"माहीत हाय."

शंकरसिंगनं एक सणसणीत शिवी हासडली, कोणाला ते त्यालाच ठाऊक, आणि ओरडला, "ए रूपसिंग! ये माघारी!"

"आता काय राह्यलं?"

"तुझी बॅटिंग राह्यली!"

माणसं बाहेर काढली, खेळ सुरू झाला. रूपसिंगनं बॉल टोलवला, तो घरंगळत थेट जत्रेच्या खांबाच्या खड्ड्यात. खेमा पालथा पडून कोपरापर्यंत हात घालून बॉल उकरतोय, तोवर त्यांच्या दोन धावा झाल्यासुद्धा. कप परभणीला गेला.

शेठ उठले. जाता जाता म्हणाले, "खाजा हंगामापुरताच राहू द्या." बस्स, एवढंच.

सूर्य बुडाला. मशिदीतून अजान आली. खाजा लिंबाखाली बसला होता. शंकरसिंग शेजारी येऊन टेकला आणि खिशातून कागदात बांधलेले खजूर काढून त्याच्यापुढं धरले. खाजानं रोजा सोडला, पाणी प्यायला. संतराम मास्तर सायकल हातात धरून जवळून गेले. थांबले, खाजाकडं पाहून मान डोलावली आणि पुढं निघाले.

शंकरसिंग म्हणाला, "झालं ते झालं. पण ईद झाल्यावर तरी पहिल्यावानी वरडशील ना रे बाबा?"

खाजानं दुसरा खजूर उचलला आणि मास्तरांच्या सायकलीकडं बोट केलं.

"कसा वरडू दादा? माझे रोजे ईदीला सुटतील, पण त्या माणसाला माझ्यावर भरवसा ठेवायची सवय लागली ना, ती काही सुटत न्हाई आता."