शेजाऱ्यांची शिडी

तिसरीच्या बाईंना उदाहरणाशिवाय एक पाऊल पुढे टाकता येत नसे. हातच्याची वजाबाकी असो नाहीतर नवऱ्याला मीठ कमी खायला सांगणं असो, "उदाहरणार्थ" म्हटल्याशिवाय त्यांची गाडी सुरूच होत नसे. मुलं त्यांना मागून उदाहरणबाई म्हणायची. बाईंना ते ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं. चर्चच्या भिंतीला भिंत लावून उभ्या असलेल्या त्या शाळेत त्या लग्नाआधीपासून शिकवत होत्या. फादर बदलले, मुख्याध्यापिका सिस्टर बदलल्या, बाई आणि त्यांचा फळा काही हलला नाही.

तिसरीच्या मुलांकडून पहिल्या पापनिवेदनाची, म्हणजे फादरांपुढे आपली पापं कबूल करण्याची, तयारी करून घेणं हेही त्यांचंच काम. जाळीपलीकडे बसून ऐकायचे फादर. पण गुडघे कसे टेकायचे, सुरुवात कशी करायची आणि आत फिदीफिदी हसायचं नाही, हे शिकवायचं बाईंनी. अडचण असायची ती एकच. आठ वर्षांच्या पोरांकडे सांगण्यासारखी पापं फारशी नसतात, आणि जी असतात ती त्यांना पापं वाटत नाहीत. मागच्या वर्षी बाईंनी नमुना म्हणून फळ्यावर लिहिलं होतं, 'मी आईशी खोटं बोललो.' झालं! रांगेत अख्खी तिसरी तेच वाक्य घोकत उभी. ज्यांच्या आया परगावी नोकरीला होत्या, तीसुद्धा.

या वर्षी बाईंनी डोकं चालवलं. उदाहरण असं हवं, की कुठलंही मूल ते आपलं म्हणून उचलणार नाही. बाईंचे यजमान घरं रंगवण्याची कामं घेत, त्यामुळे घरात शिरताना रोज शिडीला डोकं आपटायचं. त्या दिवशीही आपटलं आणि बाईंना सुचलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी सुबक अक्षरात फळ्यावर लिहिलं, 'मी शेजाऱ्यांची शिडी चोरली.'

"हे नुसतं उदाहरण आहे," बाई म्हणाल्या. "शिडीच्या जागी आपलं आपलं पाप घालायचं. कळलं?"

"होऽऽ बाई!"

एवढा एकमुखी होकार आला, तेव्हाच त्यांना शंका यायला हवी होती.

नवे फादर तरुण होते, हाडकुळे होते आणि नको तितके सरळ होते. हे त्यांचं पहिलंच धर्मग्राम, म्हणजे स्वतः सांभाळायचं पहिलंच चर्च. शनिवारी सकाळी ते जाळीमागे जाऊन बसले, बाईंनी चाळीसेक मुलं रांगेत लावली आणि या खेपेला सक्त ताकीद दिली, की रांगेत ओठसुद्धा हलता कामा नयेत. मुलं शहाण्यासारखी गप्प उभी राहिली. एकेक आत गेलं, एकेक हलकं होऊन बाहेर आलं. बाई खूश झाल्या.

शेवटी फादर बाहेर आले ते घामाघूम होऊन. चर्चची झाडलोट आणि घंटा सांभाळणारे घंटाकाका कोपऱ्यात मेणबत्त्या खरवडत होते. फादर त्यांच्याजवळ गेले.

"काका, आपली शिडी जागेवर आहे ना?"

"आहे की कोठीत. का, बल्ब गेला का?"

"नाही नाही. सहज विचारलं."

पापनिवेदनात ऐकलेलं फादरांना कुणालाही सांगता येत नाही. सांगणं सोडाच, आपल्याला काही माहीत आहे असं चेहऱ्यावरही दिसू देता येत नाही. रात्रभर तळमळून त्यांनी त्यातून एक वाट काढली. रविवारच्या मिस्सेत, म्हणजे सगळ्यांच्या प्रार्थनेत, त्यांनी प्रवचन केलं ते परक्याच्या वस्तूंवर. "आपल्या घरात दुसऱ्याचं काही आहे का, बघा," ते म्हणाले. "लहान असेल, मोठं असेल. लांबही असू शकेल. भिंतीला टेकवून ठेवलेलं असेल. आईवडिलांनो, आपली मुलं संध्याकाळी जोडीजोडीनं काही उचलून नेताना दिसतात का, तेही बघा."

पुढच्या बाकांवरचे लोक एकमेकांकडे बघू लागले. मागच्या बाकांवरचे जमिनीकडे.

सोमवारी सकाळी चर्चच्या भिंतीला दोन शिड्या टेकवलेल्या होत्या. मंगळवारी आणखी आल्या. बांबूच्या आल्या, लोखंडी आल्या, एक घडीची ॲल्युमिनियमची आली. एका शिडीला तर अजून कुणाच्यातरी घराची वेल गुंडाळलेली होती. कोण ठेवून जातं ते कुणी पाहिलं नाही, आणि न्यायलाही कुणी येईना. कारण 'ही माझी' म्हणायचं तर 'इतके दिवस कुणाकडे होती?' हेही बोलावं लागणार. आठवड्याअखेर शिड्यांची रांग शाळेच्या फाटकापर्यंत आली. मुलं मधल्या सुट्टीत वर चढून पाचवीच्या वर्गात डोकावू लागली, आणि मोठ्या सिस्टर, म्हणजे मुख्याध्यापिका, छडीनं एकेकाला खाली उतरवू लागल्या.

बाईंच्या डोक्यात अजून काही आलं नव्हतं. लोक किती सुधारतायत, याचंच त्यांना कौतुक. मग एक दिवस वह्या तपासताना दोन वेण्यांची एक मुलगी टेबलाशी येऊन मुसमुसायला लागली.

"काय झालं गं?"

"बाई, मी आत चुकले. शिडी नीट सांगता नाही आली. 'शेजाऱ्यांनी मला चोरलं' असं म्हणाले."

बाईंच्या हातातलं लाल पेन तसंच राहिलं. बाकीच्यांना विचारायची सोय नव्हती, तसं विचारायचं नसतं. विचारायची गरजही पडली नाही. मागून आवाज आला, "मी बरोब्बर म्हटलं, बाई! पाठ होतं मला!" त्यापाठोपाठ सगळा वर्ग अभिमानानं "मी पण, मी पण" करू लागला.

घरी येताना बाईंना धड रस्ता दिसत नव्हता. दारात शिरल्या, सवयीनं डोक्यावर हात धरला, आणि थबकल्या. डोक्याला लागेल असं तिथं काही नव्हतंच.

"अहो, आपली शिडी कुठंय?"

यजमान वर्तमानपत्राआडून म्हणाले, "चर्चला ठेवून आलो."

"का पण?"

"ती आपली नव्हती. थोरल्या दादाची. लग्नात मांडवासाठी आणली होती, ती राहूनच गेली."

"आपल्या लग्नात?"

"फादर इतके पोटतिडकीनं बोलले गं, मला बसवेना."

"आणि आता रंगकाम कशावर चढून करणार?"

वर्तमानपत्राचं पान उलटलं गेलं.

दुसऱ्या दिवशी बाईंनी फादरांना आवारात गाठलं. दोघांच्या डाव्या-उजव्या बाजूला शिड्याच शिड्या.

"फादर, त्या शिडीबद्दल थोडं बोलायचं होतं."

"कुठल्या शिडीबद्दल?" फादर आभाळाकडे बघत म्हणाले.

"मुलांनी जे सांगितलं ना तुम्हाला..."

"मला कुणीही काहीही सांगितलेलं नाही." आणि ते इतक्या घाईनं वळले, की घडीच्या शिडीत झगा अडकला. बाईंनीच तो सोडवून दिला.

उरला एकच मार्ग. शनिवारी बाई स्वतः जाळीपुढे गुडघे टेकून बसल्या. वर्गात दिवसभर बोलणाऱ्या बाईंना पहिलं वाक्य सापडेना.

"फादर, मी पाप केलंय. चाळीस मुलांना चोरी कबूल करायला शिकवलं. त्यांनी केलेली नाही. ते उदाहरण होतं."

पलीकडून लाकूड हलल्यासारखा आवाज आला. बाईंना वाटलं, रडतायत. मग लक्षात आलं, की फादर तोंडावर हात दाबून हसतायत, आणि बाकडं हलतंय.

"शेजाऱ्यांनी चोरलेली मुलगी..." असं काहीसं त्यांच्या तोंडून निघालं आणि ते एकदम गप्प झाले. घसा साफ करून त्यांनी बाईंना प्रायश्चित्त म्हणून तीन प्रार्थना म्हणायला सांगितल्या आणि पुढे म्हणाले, "आणि उदाहरणं जरा जपून."

बाई बाहेर आल्या तेव्हा खरंच पिसासारख्या हलक्या झाल्या होत्या. घोटाळा मात्र होता तिथंच होता. आता फादरांना खरं कळलं, पण तेही जाळीमागेच. त्यामुळे प्रवचन मागे घेता येईना, शिड्या घेऊन जा म्हणता येईना. रविवारी ते सहनशीलतेवर बोलले.

शेवटी मोठ्या सिस्टरांचा संयम सुटला. त्यांनी फर्मान काढलं, की ज्याची त्यानं ओळखून न्यावी, कुणी कुणाला काही विचारणार नाही. एका सकाळी आवारात ही गर्दी! बाईंनी थोरल्या दिरांना मुद्दाम बोलावून घेतलं होतं. भाऊजी आले, त्यांनी शिडी वरखाली न्याहाळली आणि मान हलवली.

"ही माझी नाही."

"असं काय करता, भाऊजी? आमच्या मांडवाला तुम्हीच तर दिली होती."

"दिली होती. पण मी ती इथूनच नेलेली. चर्चची आहे ती."

यजमानांचा चेहरा उजळला. फादरांचा पडला. "चर्चची शिडी तर कोठीत आहे," ते म्हणाले. "मग कोठीतली ती कुणाची?"

सगळ्यांनी घंटाकाकांकडे पाहिलं. घंटाकाकांना एकाएकी घंटेची आठवण झाली. ते लगबगीनं आत गेले आणि भर अकरा वाजता त्यांनी अशी काही घंटा बडवली, की शाळा सुटली समजून सगळे वर्ग दप्तरं घेऊन बाहेर पडले. त्या लोंढ्यात माणसं, शिड्या आणि सिस्टरांची छडी सगळं एक झालं. जो तो हाताला लागेल ती शिडी घेऊन घरी गेला. यजमानांच्या वाट्याला ॲल्युमिनियमची आली. आठवडाभर त्यांनी ती दाराकडे तोंड करून ठेवली, कुणी मागायला आलं तर देता यावी म्हणून. कुणी आलं नाही.

पुढच्या वर्षी सिस्टरांनी मुलांच्या पापनिवेदनाची तयारी पीटीच्या सरांकडे दिली. बाईंना वाईट वाटलं, दोन दिवस त्या वर्गात उदाहरण न देता शिकवत राहिल्या, आणि मुलांना काही म्हणता काही कळलं नाही. पीटीच्या सरांनी पोरांना रांगेत उभं केलं, एक-दोनच्या तालावर गुडघे टेकायला शिकवलं, आणि काय बोलायचं याचा विषयच काढला नाही. मुलं टापटिपीत आत गेली, जाळीपुढे ताठ बसली, चकार शब्द न बोलता उठली आणि बाहेर आली. अर्ध्या तासात सगळी तिसरी मोकळी झाली. एवढी शिस्त आपण आजवर पाहिली नव्हती, असं सिस्टर सरांना सगळ्यांदेखत म्हणाल्या. बाई शेजारीच उभ्या होत्या. त्यांनी फादरांकडे पाहिलं. फादर बुटाच्या नाडीकडे बघत होते.