विमानांची दावी

शेणवा गावच्या अनंताच्या गोठ्यात जनावर एकही नव्हतं, पण भिंतीवर दावी मात्र ओळीनं टांगलेली. नवखा माणूस विचारायचाच, "बैलं चरायला गेलीत काय?" त्यावर अनंता खुशाल सांगायचा, "एक दिल्लीला हाय, एक दुबईला, आनि एकाचा तर पत्ताच नाय." विचारणारा बाईजाकडं बघायचा. बाईजा म्हणजे अनंताची बायको. ती पदराआड हसायची, कारण नवरा खोटं बोलत नव्हता. ती दावी विमानांची होती.

अनंताचा बाप विठू बैलांचा व्यापारी. म्हसा गावच्या जत्रेत उपरण्याखाली बोटं धरून सौदे करण्यात त्याची हयात गेली. त्याचा एक नेम होता. जनावर द्यायचं, दावं द्यायचं नाही. ज्यानं चारापाणी केलं त्यानंच ते रिकामं दावं हातात धरून उभं राहायचं, जनावर नजरेआड होईपर्यंत. दाव्यापाशी घरचं भाग्य राहतं, असं तो म्हणायचा. पुढं गावोगाव पॉवर टिलर आले, बैलांना कुणी विचारीना, आणि नव्वदनंतरच्या एका जत्रेत वैतागलेल्या विठूनं शेवटची जोडी दाव्यांसकट देऊन टाकली. गोठा रिकामा झाला तो झालाच. बाजार पडला म्हणून तसं झालं, हे अनंताला कळत होतं. पण दावं गेलं म्हणून झालं, हेही त्याच्या मनातून जाईना.

मग तो मुंबईला विमानतळावर कामाला लागला. तिथं एका शेठचा जुनी खाजगी विमानं घेऊन, नटवून विकायचा धंदा होता. कुणा कारखानदाराची हौस फिटली की शेठ त्याचं विमान घ्यायचा, अनंता ते आतून-बाहेरून धुवायचा, कातडी खुर्च्या चमकवायचा, आणि नवं गिऱ्हाईक यायचं. ते पोटाखाली वाकून बघायचं, चाकं चाचपायचं, किती तास उडालंय ते विचारायचं आणि नाक मुरडायचं. अनंताला सगळं ओळखीचं वाटायचं. नव्हतं ते फक्त उपरणं.

उभ्या विमानाच्या चाकाला पुढून-मागून लाकडी ठोकळे लावतात. दोन ठोकळे एका दोरीनं जोडलेले. सौदा ठरला की अनंता त्यात नवी दोरी ओवायचा आणि जुनी ठेवून घ्यायचा. विमान उठलं की ती हातात धरून हँगरच्या दारात उभा, वरचा ठिपका विरघळेपर्यंत. शेठ आधी खो खो हसला. मग धंदा असा काही पळू लागला, की तोच हळूच विचारायचा, "अनंता, दोरी काढलीस ना रे?"

आठवडाभर तिथंच राहून अनंता शनिवारी घरी यायचा. ऊन कलताना गोठ्यातल्या बाजेवर आडवा झाला की डोळा लागायचा, आणि मग ती यायची. माहुलीच्या डोंगरामागून एकेक पांढरं विमान, आवाज न करता, धूळ उडवत. दारात पंख मिटून, मान खाली घालून आत शिरायचं आणि आपापल्या दाव्यापाशी उभं राहायचं. बाईजा बादलीतून पाणी पाजायची. एखाद्याचं नाक अनंताच्या तळव्याला लागायचं, गार. जाग आली तरी तो बराच वेळ तळवा मिटून ठेवायचा.

एवढी विमानं हातून गेली, पण अनंता स्वतः कधी वीतभर वर उठला नव्हता. खिडक्या पुसून झाल्या की खुर्चीत टेकून बाहेर बघायचा. बाहेर हँगरची भिंत. एकदा तरी या काचेतून शेणवा बघायचा, एवढंच त्याचं मागणं होतं. "पुढच्या खेपेला तू बस," शेठ म्हणायचा, आणि पुढच्या खेपेला त्या जागेवर कुणाचा तरी मेहुणा बसायचा.

दोन हजार आठ सरलं आणि बाजार बसला. कालपर्यंत विमानासाठी भांडणारे आता विकायला रांग लावून उभे. घेणारा कुणी नाही. शेठकडं एकच लहानसं विमान उरलं. अनंता त्याला बारकी म्हणायचा. सबंध पावसाळा ती तशीच उभी होती. शेवटी नाशिककडच्या एका कारखानदारानं ती घेतली. शेठ म्हणाला, "बारकीला पोचवायला तू बस. आता पुढची खेप नाही, मी धंदा बंद करतोय."

नाशिकची वाट शेणव्यावरूनच. अनंताच्या काळजात लख्ख झालं, आणि लगेच काळोख. बारकीचं दावं त्यानं आधीच घरी नेऊन टांगलं होतं, उडायच्या दिवशी परत आणणार होता. तो आत बसला तर ते धरणार कोण? बापाचा रिकामा गोठा डोळ्यांपुढून हलेना. त्यानं बाईजाला फोन लावला.

"त्यात काय? मी धरते. माळावर जाऊन उभी ऱ्हाते."

"अगो, चारापानी ज्यानं केलं त्यानंच धरायचं असतंय."

"म्हनूनच तर मी धरनार," ती म्हणाली आणि तिनं फोन ठेवला. बाई हट्टाला पेटली, असं अनंताला वाटलं.

बारकी उठली तेव्हा त्यानं डोळे गच्च मिटले होते. उघडले तर खाली भातसा धरणाचं पाणी, भाताची पिवळी खाचरं, माहुली तर एवढीशी. शेणवा कुठला ते कळेपर्यंत गेलासुद्धा. माणूस तर मुंगीएवढंही दिसेना. तरी त्यानं काचेवर तळवा टेकवला. काच गार होती. तो रडला, आणि त्याची त्याला लाज वाटली नाही. चहा निवेल एवढ्यात कसारा घाट मागं पडला आणि नाशिक आलं.

बारकीच्या नाकावर हात फिरवून तो एसटीनं घाट उतरला, शहापूरला जीप धरली आणि दिवेलागणीला शेणव्यात आला. घर बंद. माळावर बाईजा अजून उभी, दाव्याचे दोन वेढे मनगटाला घेऊन.

"अगो, दिसलं का विमान?"

"लई गेली. तुमचं कुठलं ते कळंना, मंग समद्यांना धरलं."

"आनि अजून धरलंयस? विमान कवाच नाशकाला गेलं. नजरेआड झालं की सोडायचं असतंय."

बाईजानं दावं सोडलं नाही. मनगटावर वळ उठला होता.

"विमानाचं कोनी धरलंय?" ती म्हणाली. "त्याला चारापानी तुमी केलं. मी तुमाला केलं."